पोहायला शिकलो, पोहायला मजा आली: मग 'टू' एकाच ठिकाणी का?

प्रश्न असा: 'आय लर्न्ट टू स्विम' बरोबर, मग 'आय एन्जॉय्ड टू स्विम' चूक का? मराठीत तर 'पोहायला शिकलो' आणि 'पोहायला मजा आली', दोन्हीकडे 'पोहायला'च.

हा 'टू' मुळात 'कडे' या अर्थाचाच आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्यापुढचं धातुरूप चतुर्थीत यायचं, म्हणजे आपल्या 'पोहायला'तल्या 'ला'शी त्याचं बरंच जमतं. म्हणून ज्या क्रियापदांचं तोंड पुढे, अजून न घडलेल्या कामाकडे असतं, त्यांना बहुधा 'टू' लागतो: वॉन्ट, होप, प्लॅन, डिसाइड, अग्री, प्रॉमिस, ऑफर, रिफ्यूज. मजा मात्र पोहणं चालू असतानाच येते; म्हणून 'एन्जॉय्ड स्विमिंग'. 'फिनिश'चंही तसंच: काम चालू असल्याशिवाय संपणार कसं? आपला 'ला' मजेपाशीही येऊन बसतो, तिथे घोटाळा होतो.

नियम गळका आहे, हे आधीच सांगतो. 'अव्हॉइड', 'कन्सिडर' आणि 'सजेस्ट' पुढच्या कामाबद्दलच बोलतात, तरी त्यांना '-इंग' लागतं. ही पाठच करावीत.

खरी गंमत दोन्ही रूपं घेणाऱ्या क्रियापदांची. पुस्तकं इथे तक्ते देतात, पण मराठी माणसाला तक्त्याची गरज नाही. हा फरक आपल्या बोलण्यात आधीपासून आहे.

'ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे तो चहा प्यायला थांबला. 'ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे त्याने चहा पिणं थांबवलं, सोडलं. मराठीत 'थांबणे' आणि 'थांबवणे' अशी दोन क्रियापदंच वेगळी. इंग्रजीत सगळा भार 'टू'वर.

'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे आठवणीने कुलूप लाव. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. '-ल्याचं' आलं की '-इंग'. 'फरगेट'लाही हेच लागू, पण एक सावधगिरी: गॅस बंद करायचा राहिला असेल तर 'आय फरगॉट टू टर्न ऑफ द गॅस' असंच म्हणायचं. 'फरगेट'पुढे '-इंग' येतं ते मुख्यतः 'आय विल नेव्हर फरगेट सीइंग इट' अशा, न विसरण्याच्या वाक्यांत.

'रिग्रेट'मध्ये सरकारी पत्र ओळखू येईल. 'वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू' म्हणजे 'कळविण्यास खेद होतो'. कळवणं आता घडतंय. 'आय रिग्रेट टेलिंग हिम' म्हणजे त्याला सांगितल्याचा पस्तावा होतोय.

माझं आवडतं जोडपं 'ट्राय'चं. 'आय ट्राइड टू ओपन द विंडो': खिडकी उघडायचा प्रयत्न केला, बहुतेक उघडली नाही. 'ट्राय ओपनिंग द विंडो': खिडकी उघडून बघ, कदाचित उकाडा कमी होईल. '-ऊन बघणे' हा इतका नेमका मराठी प्रयोग हाताशी असताना आपण दोन्हीकडे 'ट्राय टू' लिहीत बसतो.

आता मराठीमुळेच होणाऱ्या चुका. 'त्याने मला जायला सुचवलं' हे सरळ उतरवलं की 'ही सजेस्टेड मी टू गो' होतं, आणि ते चूक. 'टोल्ड मी टू गो', 'अ‍ॅडव्हाइज्ड मी टू गो' चालतात. 'सजेस्ट'ला मात्र 'दॅट आय गो' किंवा नुसतं 'गोइंग'. 'तू यावंस असं मला वाटतं' याचं 'आय वॉन्ट दॅट यू शुड कम' करू नये; 'आय वॉन्ट यू टू कम'.

'लेट' आणि 'मेक'पुढे 'टू' नाही. 'जाऊ दे'मधल्या 'जाऊ'ला जसा 'ला' नाही, तसंच 'लेट हिम गो'. 'मेक' फसवतो, कारण आपण 'थांबायला लावलं' म्हणतो आणि 'मेड मी टू वेट' लिहून जातो. हवं 'मेड मी वेट'. पण कर्मणीत गेलेला 'टू' परत येतो: 'आय वॉज मेड टू वेट'. 'हेल्प'ला दोन्ही चालतं, तिथे वाद घालू नये.

राहिला अर्जाच्या शेवटचा 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. इथला 'टू' धातूचा नव्हे, शब्दयोगी आहे. ओळखायचं असेल तर त्याच्यापुढे नाम ठेवून बघा: 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' बसतं, म्हणून क्रियापद आलं तरी 'मीटिंग यू'च. 'डिसाइडेड टू युअर रिप्लाय' बसत नाही. तिथला 'टू' धातूचा.