नव्या पीसीत लॅन सुरूच होत नाही

प्रश्न: बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) पार्ट आणून घरीच पीसी जोडला, विंडोज 10 टाकली, पण लॅन (केबलने येणारं नेट) चालत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह अन् कोड 10. मदरबोर्ड खराब आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: थांबा भाऊ, एवढ्यात दुकानदाराशी भांडू नका. कोड 10 म्हणजे विंडोजला लॅन दिसते पण सुरू करता येत नाही, अन् बहुतेकदा घोळ ड्रायव्हरचाच, म्हणजे लॅन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचाच असतो. आता नेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट पीसीला देणं) चालू करा, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा लॅन ड्रायव्हर घ्या, जुना काढून तो टाका. नाहीच जमलं तर पीसी बंद करून पॉवरची वायर काढा, पॉवर बटण थोडं दाबून ठेवा, मग लावा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी दुसरी सिस्टीम, चालवूनही लॅन मेलेलीच दिसली तर मात्र बोर्ड वॉरंटीत द्या.