शेपूट लोंबतंय? आधी लघवी होतेय का ते बघा

प्रश्न : ताई, आम्ही सिडकोत राहतो. आमचा बोका आहे गोट्या, दोनेक वर्षांचा असेल. परवा रात्री पार्किंगमधून वर आला तो शेपूट लोंबकळतच, बहुतेक कुणाच्या तरी गाडीखाली ऊबेला बसला असेल आणि गाडी सुरू झाली, नक्की माहीत नाही. रक्त नाही, जखम दिसत नाही, थोडंफार खातोय. पण शेपूट अजिबात उचलत नाही आणि ट्रेमध्ये जाऊन नुसता बसून राहतो, नंतर मात्र जिथे झोपतो तिथे ओलं दिसतं. सासूबाई म्हणतात हाडवैद्याकडून बसवून आणा, हे म्हणतात क्रोसिनची अर्धी गोळी दुधातून देऊ, शेजारच्या काकू म्हणतात हळद-तेल लावा. शेपूट कापावं लागेल का हो? नुसत्या विचारानेच कसंतरी होतंय.

उत्तर : तुमचा मेसेज वाचल्या वाचल्या मी फोन केला होता आणि तुम्ही त्याला त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलंत, बरं केलंत. पण नाशिकची थंडी सुरू झाली की मांजरं गाड्यांखाली, बॉनेटमध्ये शिरतात आणि असे प्रश्न येतातच, म्हणून इतरांसाठी सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेपटीची नाहीये, ओल्या अंथरुणाची आहे. मांजराच्या शेपटीत साधारण १८ ते २३ मणके असतात आणि शेपूट जिथे पाठीला जोडलेलं असतं ना, तिथूनच लघवीच्या पिशवीच्या आणि शी धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या नसा जातात. चाकाखाली शेपूट अडकलं आणि मांजराने जीव खाऊन पुढे उडी मारली, किंवा कुणी शेपटीला धरून ओढलं, दारात चेमटलं, की हाड जागचं हलतं ते हलतंच पण या नसा ताणल्या जातात, कधी तुटतात. मग पिशवी भरत जाते, मांजराला ती रिकामी करता येत नाही, आणि फार भरली की थेंब थेंब बाहेर गळतं. घरच्यांना वाटतं, चला लघवी होतेय. होत नसते, ती सांडत असते. बोक्याची लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं, त्यामुळे 'उद्या बघू' हा पर्यायच नाही.

दवाखान्यात काय बघतात? एक्स-रे काढतात, पिशवी चाचपतात आणि शेपटीच्या मुळाशी चिमटा काढून त्याला कळतंय का ते बघतात. बघायला निर्दयी वाटतं, पण सगळ्यात जास्त त्यातूनच कळतं. मुळाशी जाणीव शिल्लक असेल तर लघवीवरचा ताबा परत यायची शक्यता खूपच चांगली असते. जाणीव नसेल तर वाट कठीण, पण म्हणून लगेच आशा सोडू नका, कारण ताणलेल्या नसा हळूहळू सावरतात. तोपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा पोट हलकं दाबून पिशवी रिकामी करावी लागते. हे डॉक्टरांकडून समोर बसून, हातावर हात ठेवून शिकून घ्या, व्हिडिओ बघून करू नका, जोर जास्त झाला तर पिशवी फुटू शकते. पहिल्यांदा भीती वाटते आणि मग हाताला सवय होते, आजींनी सुद्धा शिकून केलेलं मी बघितलंय. साधारण महिनाभरात ताबा आला नाही तर पुढे येण्याची आशा कमी, हे मात्र खरं सांगायलाच हवं.

आता कापण्याबद्दल. शेपूट पूर्ण बधिर असेल, मागे ओढलं जाऊन शी-लघवीत बरबटत असेल, कातडी सोलली असेल किंवा टोक काळं-थंड पडलं असेल तर काढणंच बरं. अशा लोंबत्या शेपटीचं वजन मुळाशी असलेल्या दुखऱ्या नसांना सतत ओढत राहतं, ते थांबतं. शेपूट काढल्याने लघवीचा ताबा आपोआप येत नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे आधीच समजून घ्या म्हणजे नंतर निराशा नको. टाके १०-१४ दिवसांनी निघतात, तोवर गळ्यात कॉलर ठेवायचीच, त्याचा चेहरा कितीही बिचारा झाला तरी. आणि तोलाची काळजी करू नका. सुरुवातीला कठड्यावर जरा डळमळेल, काही आठवड्यांत पुन्हा फ्रिजवर चढून बसेल. बिनशेपटीची मांजरं अगदी मजेत जगतात, मनापासून सांगते.

आता घरातल्या उपायांबद्दल. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला ते विष आहे. ते पचवायला लागणारं काम मांजराचं यकृत करू शकत नाही, रक्तातल्या लाल पेशी ऑक्सिजन वाहायच्या थांबतात, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी मोठ्या बोक्याचाही जीव घेऊ शकते. दिली गेलीच असेल तर लपवू नका, डॉक्टरांना लगेच सांगा, त्यावर औषध आहे पण वेळेत मिळायला हवं. आयब्युप्रोफेनही मांजराला विषारीच, तेही देऊ नका. डेटॉल, फिनेल जखमेला लावायचं नाही, मांजर चाटून ते पोटात घेतं. हळद-तेलही त्यासाठीच नको, शिवाय खालची जखम दिसेनाशी होते. सलाईनने धुवा, स्वच्छ कापड ठेवा आणि निघा. हाडवैद्यांचा मान ठेवूनच सांगते, शेपूट ओढून बसवायला गेलं तर उरलेल्या नसाही जातील. घरी घट्ट पट्टी पण बांधू नका, शेपटीचा रक्तपुरवठा आधीच बारीक, पट्टीने टोक सडतं.

प्रश्न : देवळाली कॅम्पला आमच्या अंगणात मांजरीला पिल्लं झाली, त्यात एकाचं शेपूट जन्मापासूनच टोकाला वाकडं आहे, गाठ आल्यासारखं. रोज तेल लावून सरळ करायचा प्रयत्न करतोय. होईल का?

उत्तर : नाही होणार, आणि करूही नका, मणकेच तसे जुळलेले असतात, चोळून फक्त दुखेल. हा जन्मजात प्रकार आहे, आजार नाही. आग्नेय आशियात अशी वाकड्या शेपटीची मांजरं खूप आढळतात आणि जपानच्या नागासाकीत तर ती इतकी आहेत की गावाची ओळख झाली आहे. पिल्लू धावतंय, चढतंय, शी-शू नीट करतंय ना? मग झालं. फक्त मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकत असेल किंवा मागून सतत ओलं असेल तर कणा तपासून घ्या, कारण शेपूट अगदीच आखूड किंवा नसलेल्या पिल्लांत कधी कधी कण्यातही दोष असतो. आणि वाकडं शेपूट अपशकुनी वगैरे कुणी म्हणत असेल तर त्यांचं ऐकून पिल्लू सोडून येऊ नका. त्यात काहीही अशुभ नाही, घर शोधायचंच असेल तर फोटोत शेपूट लपवू नका, त्याच शेपटीवर जीव जडणारी माणसं भेटतात.

प्रश्न : पंचवटीत आमच्या गल्लीत एक भटकी मांजर आहे, संक्रांतीनंतर तिच्या शेपटीला मांजा गुंडाळलेला दिसतोय, पुढचा भाग सुजलाय आणि वास येतो. जवळ गेलं की पळते, काय करू?

उत्तर : २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी तो दरवर्षी आकाशात असतोच आणि पक्ष्यांबरोबर मांजरंही त्यात सापडतात, फार राग येतो. मांजा तुटत नाही, जितकी ओढ तितका आत रुततो आणि पुढच्या भागाचं रक्त बंद होतं. वास येतोय म्हणजे टोक बहुतेक मेलंय, आणि जखमेवर माश्या बसल्या तर अळ्या पडायला वेळ लागत नाही, त्यामुळे घाई करा.

हाताने पकडायला जाऊ नका. रोज एकाच वेळी एकाच जागी सुकटीचा वास लावून खायला ठेवा, मग तेच खाणं कॅरिअरमध्ये किंवा झाकण असलेल्या क्रेटमध्ये आत सरकवा, ती आत गेली की दार लावून वरून चादर टाका, अंधार झाला की शांत होते. जमत नसेल तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेला पिंजरा मागा. मांजा स्वतः कापू नका, तो कातडीत किती आत गेलाय दिसत नाही, भूल देऊनच काढावा लागतो. त्याच भुलेत नसबंदी होऊ शकेल का तेही विचारा, जखम फार चिघळलेली असेल तर डॉक्टर नंतरची तारीख देतील.

पकडताना चावली किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा, मांजर कितीही ओळखीची असली तरी.