राणी गेली, मग सुतक लागलं की दुखवटा पाळला?

प्रश्न एका अनुवादक ताईंचा आहे. लंडनला राहणाऱ्या त्यांच्या भाचीने सप्टेंबर २०२२ मधल्या दिवसांची आठवण इंग्रजीत लिहिली आणि ताई ती दिवाळी अंकासाठी मराठीत आणत आहेत. राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या निधनानंतरचं वर्णन करताना त्यांनी लिहिलं, ‘सारा ब्रिटन शोकसागरात बुडाला.’ पुढे एके ठिकाणी ‘दहा दिवसांचे सुतक’ असा शब्द टाकला. भाचीने मसुदा वाचला आणि म्हणाली, मावशी, शोकसागर वगैरे काही नव्हतं गं, पण काहीच नव्हतं असंही नाही. आता ताई विचारतात, सुतक लिहिलं ते चुकलं का? राष्ट्रीय दुखवटा म्हणावं की राजकीय? आणि लोकांना जे वाटलं त्याला मराठीत काय म्हणायचं?

अशा वेळी मी नामं थोडी बाजूला ठेवतो आणि त्यांच्यामागून येणारी क्रियापदं बघतो. सुतक येतं, लागतं, धरावं लागतं आणि शेवटी फिटतं. दुखवटा जाहीर होतो आणि पाळला जातो. शोक माणूस करतो, किंवा तो त्याला होतो. हळहळ वाटते. सुतक कुणी जाहीर करत नाही, नातं असलं की ते आपोआप येतं. गावाहून फोन आला की घरातली थोरली बाई बोटांवर दिवस मोजू लागते. दुखवट्याला मात्र जाहीर करणारा लागतो. शोकाला दोघांचीही गरज नसते. ‘सरकारने तीन दिवसांचा शोक पाळला’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो खरं, पण मला ते दर वेळी खटकतं. पाळण्यासारखी गोष्ट ठरलेली, मोजता येणारी असावी लागते. उपास पाळतात, पथ्य पाळतात, दुखवटा पाळतात.

दुखवटा या शब्दाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मराठीचा आणि इंग्रजीचा एक सुंदर मेळ बसला आहे. या शब्दाचा जुना अर्थ कापडाला चिकटलेला आहे. पेशवेकालीन पत्रव्यवहारात सरदाराच्या घरी कुणी वारलं की ‘दुखवट्याची वस्त्रे’ पाठवल्याचे उल्लेख येतात. आजही कितीतरी गावांत बाराव्या-तेराव्याला सोयरे टॉवेल-टोपी, लुगडं घेऊन येतात आणि त्याला दुखवट्याचा आहेर म्हणतात. म्हणजे दुःख झालेल्या माणसाला कापड नेसवून पुन्हा माणसांत आणायचं. इंग्रजीतला ‘मोर्निंग’ (mourning) हा शब्दही असाच दुहेरी आहे. दुःखाचा काळ हा त्याचा एक अर्थ आणि त्या काळात घालायचे काळे कपडे हा दुसरा.

ब्रिटनमध्ये राजाच्या मरणाचा जाहीर दुखवटा कपड्यांवरच दिसत आला आहे. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये वारल्या. १८६१ साली पती अल्बर्ट गेल्यापासून त्या बाईंनी जवळजवळ चाळीस वर्षं काळे कपडे सोडले नव्हते, पण स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी त्यांनी पांढरा रंग सांगून ठेवला होता. लोक मात्र काळ्यातच होते. पुढे मे १९१० मध्ये सातवे एडवर्ड गेले. त्यानंतरच्या महिन्यात अॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यती रद्द झाल्या नाहीत, पण श्रीमंत मंडळी नखशिखांत काळ्या पोशाखात आली. काळ्या पिसांच्या टोप्या घातलेल्या बायकांचे ते फोटो पाहिले की दुखवटा पाळणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. २०२२ मध्ये बातम्या देणाऱ्यांच्या गळ्यातले काळे टाय ही त्याच प्रथेची उरलेली चिंधी. तेव्हा इंग्रजी ‘नॅशनल मोर्निंग’साठी ‘राष्ट्रीय दुखवटा’ हा शब्द नुसता चालण्यासारखा नाही, तो नेमका आहे.

‘राजकीय दुखवटा’ मात्र टाळा. हिंदीत राजकीय म्हणजे सरकारी, म्हणून तिकडे ‘राजकीय शोक’ बरोबर आहे. मराठीत राजकीय म्हटलं की पक्ष, निवडणूक आणि डावपेच डोळ्यांसमोर येतात. भारत सरकारने ११ सप्टेंबर २०२२ रोजी एक दिवसाचा दुखवटा पाळला, राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणला. त्या दिवशी ‘राजकीय दुखवटा’ असे मथळे दिसले. शासकीय म्हणा, राष्ट्रीय म्हणा.

आता सुतकाकडे वळतो. दहा दिवस हा आकडा पाहून ताईंना सुतक आठवलं, ते कुणाही मराठी माणसाला आठवेल. ८ सप्टेंबरला बाल्मोरलला राणी गेल्या, वय ९६. १९ सप्टेंबरला वेस्टमिन्स्टर अॅबीत अंत्यविधी झाला, आणि राष्ट्रीय दुखवटा त्या दिवसापर्यंत होता. राजघराण्याचा स्वतःचा दुखवटा त्यापुढेही सात दिवस चालला. दिवस जुळल्यासारखे दिसतात, पण गाभा जुळत नाही. सुतकात अशौच आहे, शिवाशिव आहे, देवपूजा बंद आहे. तिथे उलट दर दिवशी चर्चमध्ये प्रार्थना होत होती. शिवाय सरकारने स्पष्ट सांगितलं होतं की दुकानं बंद ठेवण्याची किंवा कार्यक्रम रद्द करण्याची सक्ती नाही. ज्याने त्याने ठरवायचं. फुटबॉलच्या प्रीमियर लीगने त्या आठवड्यातले सामने पुढे ढकलले. ओव्हलवर इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेची कसोटी चालू होती. शुक्रवारचा खेळ झाला नाही, शनिवारी मैदानावर सगळे स्तब्ध उभे राहिले, ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हटलं गेलं आणि खेळ सुरू झाला. असं ठरवून घेतलेलं सुतक कुणी ऐकलंय?

पण या शब्दाच्या पोटात एक गोष्ट दडली आहे. सुतक हा मूळ संस्कृत शब्द जन्माशी जोडलेला, बाळाच्या जन्मामुळे येणारं अशौच असा. मराठीत तो सरकत सरकत मरणाकडे गेला आणि जन्माच्या अशौचाला आपण सोयर म्हणू लागलो. दोन्ही जोडून झालं सोयरसुतक. ‘मला त्याचं सोयरसुतक नाही’ म्हणजे त्या घरात कुणी जन्मो की मरो, माझ्या दारात काही बदलत नाही. मग राजा हा प्रजेचा कोण? त्याचं सुतक प्रजेला लागतं का? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात याचं उत्तर आहे. (त्या ग्रंथाने माणसामाणसांत काय भेद केला ते मला ठाऊक आहे, १९२७ साली महाडला तो का जाळला गेला तेही. इथे तो फक्त एका जुन्या समजुतीचा साक्षीदार म्हणून घेतो.) ज्याच्या राज्यात आपण राहतो तो राजा वारला तर ‘सज्योति’ अशौच, असं तिथे म्हटलंय. म्हणजे दिवसा वारला तर सूर्य मावळेपर्यंत, रात्री वारला तर तारे असेपर्यंत. रक्ताचं नातं नसूनही प्रजेला सुतक लावलं, पण ते एका उजेडापुरतंच.

आणि त्याच अध्यायात पुढे आहे की आसनावर बसलेल्या राजाला अशौच नाही, त्याला लगेच शुद्धी, कारण प्रजेच्या रक्षणाचं काम थांबता येत नाही. हे वाचल्यावर मला त्या सप्टेंबरमधला झेंडा आठवला. ब्रिटनभर युनियन जॅक अर्ध्यावर होता. राजाचं स्वतःचं निशाण मात्र कधीच अर्ध्यावर येत नाही, कारण गादी क्षणभरही रिकामी नसते. १० तारखेला चार्ल्स यांच्या नावाची द्वाही फिरली तेव्हा युनियन जॅकही पुन्हा पूर्ण वर चढवले गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत खाली आले. राजवाड्याने निधनाची बातमी दिली तेव्हाही आधी राणी बाल्मोरलला शांतपणे वारल्या हे साधं वाक्य होतं आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘राजा’ आज रात्री बाल्मोरललाच राहतील असं. आईच्या मृत्यूच्या बातमीत मुलाचं पद बदललेलं. तिथे ‘डाइड’ एवढंच क्रियापद वापरलं होतं, याकडेही लक्ष द्या. ताई, तुम्ही त्याचं ‘दुःखद निधन’ करू नका. ‘वारल्या’ किंवा ‘निधन झाले’ पुरेसं आहे. शहाण्णव वर्षांच्या बाई आपल्या आवडत्या घरी गेल्या, तिथे ‘दुःखद’ हे विशेषण छापील कोऱ्या फॉर्मवरून उतरल्यासारखं दिसतं.

आता मुख्य प्रश्न. लोकांना काय वाटलं?

वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेटी ठेवली होती ते १४ तारखेच्या संध्याकाळपासून १९ च्या पहाटेपर्यंत. थेम्सच्या काठाने रांग लागली, ती पार साउथवर्क पार्कपर्यंत. थांबण्याचा वेळ एका टप्प्यावर चोवीस तासांच्याही वर गेला. सुमारे अडीच लाख माणसं त्या पेटीसमोरून गेली. भाचीही त्या रांगेत होती. अनोळखी माणसांबरोबर अकरा तास उभी राहिली, कुणी बिस्किटं वाटली, कुणी घोंगडी दिली आणि आत गेल्यावर रडू आलं नाही, असं तिने लिहिलंय. रडू आलं नाही हे तिने लाजत लिहिलंय, असं मला वाचताना वाटलं. लाजण्याचं कारण नाही. तिला शोक झालाच नव्हता. पण मग ती अकरा तास का उभी राहिली, याला शब्द हवा.

हळहळ चालत नाही. हळहळ अकाली गेलेल्यासाठी असते, तरणाताठा मुलगा गेला की गाव हळहळतं. १९९७ मध्ये डायना गेली तेव्हा ब्रिटन हळहळला, हुंदके देऊन रडला. चुटपुट म्हणजे करायचं राहून गेल्याची टोचणी, तीही इथे नाही. पोरकेपण जवळ येतं, पण जरा जास्त होतं.

माझं मत असं की इथे ‘चुकल्याचुकल्यासारखं वाटणं’ हाच शब्दप्रयोग बसतो. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं की नजर दहा वेळा त्या रिकाम्या खिळ्यावर जाते, तसं. सत्तर वर्षं नाण्यांवर, तिकिटांवर आणि १९६० पासून नोटांवरही एकच चेहरा. सत्तरीच्या आतल्या माणसाने तिथे दुसरं कुणी गादीवर पाहिलेलंच नव्हतं. पंधरा पंतप्रधान तिने नेमले, शेवटची नेमणूक तर मृत्यूच्या दोनच दिवस आधी. आणि एका दुपारीत भाषा बदलली: राष्ट्रगीतातलं सर्वनाम बदललं, ‘क्वीन्स काउन्सेल’ म्हणवणारे ज्येष्ठ वकील ‘किंग्ज काउन्सेल’ झाले. राणीवर प्रेम नसलेल्या माणसाचीही जीभ त्या आठवड्यात अडखळली असेल. तो अडखळणारा क्षण म्हणजे चुकल्याचुकल्यासारखं वाटणं. त्यात भक्ती असायलाच हवी असं नाही.

आणि ज्यांना काहीच वाटलं नाही, किंवा राग आला, त्यांना भाचीच्या लेखातून गाळू नका. ‘हा माझा राजा नाही’ असं म्हणणारे लोक तिथेही रस्त्यावर होते, काहींना पोलिसांनी धरलं. आयर्लंडमध्ये, केनियात, कॅरिबियन बेटांवर अनेकांनी जुन्या जखमा बोलून दाखवल्या. आपल्याकडेही हे नवं नाही. चापेकरांनी मुंबईतल्या व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. १९०१ मध्ये राणी वारली आणि शोकसभांची लाट आली, तेव्हा नाशिकच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी संघटनेत तरुण सावरकरांनी अशा शोकाला विरोध केला: शत्रूच्या राणीसाठी आपण का शोक करावा? हा प्रश्न सोयरसुतकाचाच होता. त्याच महाराष्ट्रात त्याच काळी माणसं राणीछाप रुपया विश्वासाने कनवटीला लावत होती आणि मुलांना राणीच्या बागेत नेत होती. बागेचं नाव बदलून कैक वर्षं झाली, भायखळ्याला जाणारी माणसं अजून राणीची बागच म्हणतात. यात राजनिष्ठा मुळीच नाही. नुसती जिभेची सवय आहे, आणि चुकल्याचुकल्यासारखं वाटायला तेवढी पुरते.

तर ताई, ‘शोकसागर’ काढा, ‘सुतक’ही काढा. भाचीच्या त्या परिच्छेदाची सुरुवात मी अशी करीन: ‘सरकारने राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला होता. तो काहींनी मनापासून पाळला, काहींनी रीत म्हणून, आणि काहींना त्याचं सोयरसुतक नव्हतं. मला मात्र सगळा आठवडा चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, म्हणून शुक्रवारी कामावरून सुटले ती थेट रांगेत जाऊन उभी राहिले.’ वार तेवढा तिला विचारून घाला.