अमेरिकेतल्या गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, जुनी .२२ (छोट्या गोळीची) रायफल घ्यायची झाली, तर काय बघावं?

आधी व्हिसाचं बघा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक विकत घेणं सोडाच, जवळ बाळगणंसुद्धा केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. माझं येईपर्यंत मी नुसता बघायला जायचो.

आता रायफल. लाकडाची चकाकी नंतर बघा, आधी नळीवरची अक्षरं वाचा. हे मी फजिती होता होता शिकलो. इथे ओहायोत जत्रेच्या मैदानावरच्या शेडमध्ये एका टेबलावर विंचेस्टर मॉडेल १८९० दिसली. ब्राउनिंग बंधूंची पंप रायफल, अष्टकोनी नळी. एके काळी इथल्या नेमबाजीच्या स्टॉलवर हीच असायची. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायला छऱ्याची बंदूक असते ना, तशी. भाव पाडून घेतला, पाकीट काढलं, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "काडतूस कुठलं लागतं ते वाचलंस का?"

नळीवर होतं .२२ डब्ल्यू.आर.एफ., म्हणजे विंचेस्टर रिमफायर. मी घरी डबा भरून ठेवला होता 'लाँग रायफल' नावाच्या वेगळ्याच काडतुसांचा! १८९० मॉडेलची प्रत्येक रायफल एकाच प्रकारच्या काडतुसासाठी बनायची. डब्ल्यू.आर.एफ.च्या घरात, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, लाँग रायफल सैल बसते, उडवली तर केस, म्हणजे काडतुसाचं कवच, फाटू शकते. आणि खरं डब्ल्यू.आर.एफ. कारखाने आता कधीमधीच काढतात. रायफल गुपचूप खाली ठेवली. याच घराण्यातली मॉडेल १९०६ मात्र, सुरुवातीच्या फक्त शॉर्टवाल्या सोडल्या तर, शॉर्ट, लाँग, लाँग रायफल ही तिन्ही काडतुसं खाते.

नळीत टॉर्च मारून बघा. वर्षानुवर्षं शॉर्टच उडवलेल्या रायफलीत काडतुसाच्या घरात पुढे झिजेचं कडं पडतं, मग लाँग रायफलची रिकामी केस अडकून बसते. रिकाम्या रायफलीचा चाप मात्र ओढू नका. अशा रिमफायर रायफलीत पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल तर ती थेट घराच्या काठावर बसून तिथे खाच पाडू शकते. शोमध्ये बोल्टला, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या भागाला, प्लास्टिकची पट्टी बांधलेली असते, ती मालकालाच सोडायला सांगा.

अनुक्रमांक नसला तर दचकू नका. जुन्या स्वस्त .२२ वर तो नसायचाच, १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनं सक्तीचा केला. खरवडलेला दिसला तर मात्र टेबल सोडा. परवानाधारक विक्रेता शोमध्येही ४४७३ चा फॉर्म (खरेदीदाराच्या माहितीचा केंद्रीय फॉर्म) भरून घेतो, खरेदीदाराची चौकशी करतो. खासगी विक्रीचे नियम राज्यागणिक बदलतात.

शेवटी मी विंचेस्टर मॉडेल ६७ घेतली. १९३४ ते १९६३ मधली एकगोळी रायफल, बोल्ट लावल्यावर मागची मूठ हातानं ओढल्याशिवाय उडतच नाही. दस्त्यावर कुणा पोरानं चाकूनं आद्याक्षरं कोरलीयत. मी घासाघीस त्यांच्यावरूनच केली, आणि खरं तर तीच मला सगळ्यात आवडली होती.