सरावसंच दहा मिनिटांत संपतो, पुढे काय?

सप्रेम नमस्कार.

सातवीतली आपली मुलगी गणिताचा सरावसंच दहा मिनिटांत संपवते, मग शेजारणींशी बोलत बसते, पालकसभेत तिच्या बडबडीची तक्रार होते आणि अलीकडे ती शाळेत जायलाच कुरकुरते, असे आपण नाशिकच्या इंदिरानगरहून कळवले आहे. तिला एक इयत्ता पुढे बसवावे की जेईईच्या फाउंडेशन क्लासला घालावे, हा आपला प्रश्न आहे. माझे मत दोन्हींच्या विरुद्ध आहे. आठवीची पुस्तकेही ती काही महिन्यांत संपवील, मैत्रिणी मात्र मागे राहतील. आणि क्लासमध्ये तेच गणित लवकर व वेगाने शिकवतात, तर वेग तिच्याकडे आधीच आहे.

मला खरी काळजी वाटली ती आपल्या पत्रातल्या ‘तिला कधीच काही अडत नाही’ या वाक्याची. दहावीपर्यंत न अडलेली मुले अकरावीत पहिल्यांदा अडतात, तेव्हा ‘हे अवघड आहे’ असे त्यांना वाटत नाही, ‘मी हुशार नव्हतेच’ असे वाटते, आणि पुस्तक मिटले जाते. म्हणून तिला आताच, घरच्या सुरक्षित वातावरणात, अडू द्यायला हवे.

सुरुवात नाशिकच्याच गणितापासून करा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दाखवले की सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांची उतरत्या क्रमाने होणारी संख्या वजा चढत्या क्रमाने होणारी संख्या, असे करत गेले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतेच. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087, मग 8352, मग 6174. हे उत्तर तिला आधी सांगू नका; तिचे तिला सापडू द्या. तीन अंकी संख्यांत 495 येते, दोन अंकींत मात्र एका संख्येवर गाडी थांबत नाही. असे का, हा प्रश्न तिला काही आठवडे पुरेल, आणि त्या आठवड्यांत आपण मदतीला धावू नये, एवढीच विनंती आहे.

वर्गशिक्षकांना तक्रार म्हणून नव्हे, सहकार्य मागण्यासाठी भेटा. सरावसंचातली शेवटची, अवघड उदाहरणे तिने आधी सोडवावीत, ती बरोबर आली तर बाकीची माफ व्हावीत आणि उरलेल्या वेळेत तिने स्वतःचा प्रश्न घेऊन बसावे, एवढी परवानगी मागा. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांनाही हे जमण्याजोगे आहे. इतरांना शिकवण्याचे काम मात्र तिच्यावर रोज पडू नये. अधूनमधून ते चांगलेच, पण तिची शिकण्याची वेळ तिलाच मिळायला हवी.

परीक्षांची घाई नको. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम ही परीक्षा आठवीपासून देता येते. तीन तासांत तीसच प्रश्न असतात, त्यामुळे एकेका प्रश्नावर थांबून विचार करावा लागतो. जुन्या प्रश्नपत्रिकेतला आठवड्याला एक प्रश्न पुरे. गणिताबाहेरची भूकही पाहा: 1840 सालापासून असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात तिला न्या आणि पुस्तक तिलाच निवडू द्या.

दोन अंकी संख्यांचे काय होते, हे तिने स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवले, अर्धवट असले तरी, तर मी तिला स्वतंत्र उत्तर लिहीन.