पोरगी दोन वर्षांची, कानाची मशीन लावलीय, पण 'मामा' अन् 'दे' एवढंच बोलती. वाट बघावी का?

परभणीच्या ताई, वाट बघू नका. घरातली म्हातारी माणसं 'हिचा बाप बी उशिराच बोलला' म्हणणारच, हो म्हणायचं अन् आपलं काम चालू ठेवायचं.

एक वही करा. तारीख टाकून लिहा, कोणता शब्द तिला समजला अन् कोणता तिनं स्वतःहून वापरला, दोन्ही वेगळे, आणि समजतंय का हे बघताना बोट दाखवू नका, 'चप्पल आण' नुसतं तोंडानं म्हणा, नाहीतर लेकरू बोटाकडं बघून आणतं अन् आपण उगं खूश होतो. साइन लँग्वेजची खूण करत असेल तर तो बी शब्दच धरा, खुणा शिकल्यानं बोलणं मागं पडतं हा निव्वळ गैरसमज आहे.

रोज सकाळी मशीन घातल्यावर ओठ दिसू नयेत म्हणून आपल्या तोंडापुढं कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचं अन् वळून बघती का ते बघायचं. नेहमी ऐकू येणारा 'स' एकदम येईना झाला तर आधी बॅटरी बघा, मग मोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा), कान वाढतो तसा तो ढिला होतो अन् मशीन शिट्टी मारती.

दोन वर्षांला साधारण 50 शब्द अन् दोन शब्द जोडणं अपेक्षित असतं, म्हणून स्पीच थेरपिस्टकडून आत्ताच तपासून घ्या, पुढं दर सहा महिन्याला. जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची (लहान लेकरांच्या तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) चौकशी करा, तिथं फुकट होतं. जाताना वही न्या.