ईपीएमए वर काम सुरू करताय? आधी हे वाचा

ईपीएमए हे ई. कोलायसारख्या जीवाणूंमधलं एक एन्झाइम. ब्लास्ट (सिक्वेन्स जुळवून बघणारा प्रोग्रॅम) मारल्यावर यादीत वर लायसिल टीआरएनए सिंथेटेज (टीआरएनएला लायसिन जोडणारं एन्झाइम) दिसलं म्हणून लगेच तेच नाव देऊन मोकळं होऊ नका, नव्या लोकांची हमखास इथेच गल्लत होते. अलाइनमेंट नीट डोळ्यांनी बघा. ई. कोलायचं खरं सिंथेटेज ५०५ अमिनो आम्लांचं, आणि हे ईपीएमए फक्त ३२५ चं. सुरुवातीचा अख्खा तुकडा गायब, आणि टीआरएनएचा अँटिकोडॉन (कोडॉन ओळखणारी तीन अक्षरं) पकडतो तो नेमका हाच भाग! म्हणजे एटीपी वापरून लायसिन अ‍ॅक्टिव्हेट करणारं यंत्र शाबूत आहे पण टीआरएनए धरायला हातच नाही.

मीही सुरुवातीला टीआरएनए घालून घालून चाचण्या (assay) केल्या, काहीच मिळेना, आणि प्रोटीन खराब झालं समजून दोनदा नव्याने प्युरिफाय केलं. प्रोटीन चांगलंच होतं हो, सबस्ट्रेट चुकीचा होता. ईपीएमए बीटा-लायसिन (लायसिनचंच थोडं वेगळ्या रचनेचं रूप) चिकटवतं ते ईएफ-पी नावाच्या, रायबोसोमला मदत करणाऱ्या दुसऱ्या प्रोटीनवर, ३४ नंबरच्या लायसिनला. ईएफ-पीचा आकार टीआरएनएसारखा आहे, किती सुंदर गोष्ट आहे बघा! आणि सलग प्रोलिन आले की रायबोसोम अडकतो, तो सोडवायला हेच बीटा-लायसिनने सजवलेलं ईएफ-पी लागतं.

बीटा-लायसिन बनवणारं एन्झाइम ईपीएमबी वेगळं, ते विसरू नका. आणि पेपर शोधताना वायजेईए, पॉक्सए, जेनएक्स ही ईपीएमएची जुनी नावंही टाका, नाहीतर अर्धं काम हाती लागणारच नाही.